पाखराचा डोळा

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. झाडावर पाखरू ठेवलेलं, शिष्य रांगेत उभे. कुणाला झाड दिसलं, कुणाला फांदी, कुणाला गुरुजी. अर्जुनाला फक्त पाखराचा डोळा दिसला आणि तो पास झाला. पक्ष्यांचे फोटो काढायला लागलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी नेमका हाच धडा देतं: डोळ्यावर फोकस कर, बाकी काही धूसर झालं तरी चालेल. डोळा स्वच्छ नसेल तर फोटो फुकट.

फक्त एक तपशील आपण विसरतो. द्रोणाचार्यांचं ते पाखरू खोटं होतं. ते उडून जाणार नव्हतं, त्याच्या पिलांना भूक लागणार नव्हती, आणि अर्जुन कितीही जवळ गेला असता तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. खऱ्या पाखराच्या बाबतीत ही तिन्ही कलमं उलटी. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर इथल्या पक्षी-फोटोग्राफीचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास हळूहळू वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की तो इतिहास भिंगांचा आणि कॅमेऱ्यांचा कमी आणि 'किती जवळ जायचं' या एका प्रश्नाचा जास्त आहे.

आधी थोडं गणित. (इंजिनियर माणूस, गणिताशिवाय पुढे जाववत नाही. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) समजा ५०० मिलिमीटरची लेन्स आहे, छिद्र एफ ५.६, आणि पक्षी १० मीटरवर बसलाय. फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी किती? साधारण १३ सेंटिमीटर. आता पाच मीटरवर जा. अंतर निम्मं झालं, पण पट्टा निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो: जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. इथला रॉबिन चोचीपासून शेपटीपर्यंत १४ सेंटिमीटर भरतो. तो तुमच्याकडे तोंड करून बसला तर डोळा साधला की शेपूट गेली. म्हणजे जवळ जावं तसा पक्षी मोठा दिसतो, पण चुकायला जागा उरत नाही. त्यात पक्षी हलतो. सेकंदाला दहा मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी एक सहस्रांश सेकंदात एक सेंटिमीटर सरकतो.

आता ही सगळी कसरत १८९२ साली करायची आहे असं समजा.

यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात स्वेलडेल नावाचं खोरं आहे, आणि त्यात थ्वेट नावाचं चिमुकलं गाव. तिथले दोन शेतकरी भाऊ, रिचर्ड कीअर्टन (जन्म १८६२) आणि त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान चेरी. रिचर्ड लहानपणी घरटी शोधताना पडला आणि जन्मभर लंगडत चालला. पुढे दोघेही लंडनला कॅसल या प्रकाशन कंपनीत नोकरीला लागले. एप्रिल १८९२ मध्ये लंडनच्या उत्तरेला बोरहॅमवुडजवळ भटकताना चेरीने साँग थ्रशच्या (आपल्या कस्तुराच्या नात्यातला पक्षी) अंडी असलेल्या घरट्याचा एक फोटो काढला. एवढंच. पण रिचर्डच्या डोक्यात त्यातून पुस्तक शिरलं. तीन वर्षं दोघांनी ब्रिटन पालथं घातलं आणि १८९५ साली 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' बाहेर आलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष निसर्गात काढलेल्या फोटोंनी सजवलेलं पहिलं निसर्गपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच वर्षी रेजिनाल्ड लॉज या गृहस्थांना अंडी उबवणाऱ्या टिटवीच्या फोटोसाठी रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळालं.

एक गोष्ट पाहा. पुस्तक घरट्यांचं, पदकही घरट्यावरच्या टिटवीला. हा योगायोग नाही, ती त्या काळच्या कॅमेऱ्याची अट होती. लाकडी पेटी, मागे दुधी काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेवरच्या उलट्या चित्रात फोकस जुळवायचा. मग काच बाजूला करून तिथे प्लेटचं घर सरकवायचं, शटर बंद आहे याची खात्री करायची, प्लेटवरची झडप वर ओढायची. इथून पुढे फोटोग्राफर आंधळा! फोकस ज्या जागी जुळवला त्याच जागी, बोटभर इकडेतिकडे न होता, पक्षी येऊन बसला तरच फोटो. आणि असा पक्षी रानात कुठे हमखास येतो? घरट्यावर. दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणजे फोकस ही बोटांची करामत नव्हती, तो एक अंदाज होता. पक्षी कुठून येईल, आधी कुठल्या फांदीवर टेकेल, तोंड कुणीकडे करेल, हे आधीच माहीत असावं लागे. कीअर्टन बंधू इथे पटाईत, कारण दोघेही रानात वाढलेले. फोटो मिळवायला त्यांनी काय काय केलं ते वाचताना हसूही येतं आणि थक्कही व्हायला होतं. उंच घरट्यासाठी एकाच्या खांद्यावर दुसरा उभा. १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावर जाऊन तिथल्या समुद्रपक्ष्यांचे आणि माणसांचे फोटो. खोटा झाडाचा बुंधा, खोटा खडक, आणि १९०० साली तर चक्क खोटा बैल. लाकडी सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवलेलं, आत पोकळ, आत माणूस आणि कॅमेरा, आणि एका भोकातून डोकावणारं भिंग. कुरणातले पक्षी गुराला घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात, हे साधं निरीक्षण त्यामागे होतं. आपल्याकडे असा बैल दारात आला असता तर बायकांनी पोळ्याचा समजून त्याला ओवाळलं असतं!

रानात असं लपून बसायच्या जागेला इंग्रजीत 'हाइड' म्हणतात, मराठीत 'लपण' असा छान शब्द आहे. लपणाचं एक शास्त्रच इथे तयार झालं. ते एकदम घरट्याशेजारी उभं करायचं नाही. लांब ठोकायचं, आणि पक्षी सरावला की काही दिवसांत टप्प्याटप्प्याने जवळ आणायचं. आत जाताना बरोबर एक सोबती न्यायचा. तुम्ही आत बसलात की त्याने निघून जायचं. पक्ष्याला वाटतं, आलेला माणूस गेला. पक्ष्यांचा हिशेब कच्चा असतो यावर हा सगळा डाव उभा.

आता याची दुसरी बाजू. घरटं मुळात दडवलेलं असतं. समोर पानं, काटक्या, गवत. भिंगाला ती सगळी अडचण. मग फोटोग्राफर समोरच्या फांद्या बाजूला करून बांधायचे, गवत दाबायचे. याला इथल्या मंडळींनी नाव दिलं होतं 'गार्डनिंग', म्हणजे बागकाम! चांगला माणूस काम झालं की फांद्या परत जागेवर सोडायचा. सगळेच चांगले नसत. उघडं पडलेलं घरटं उन्हाला सापडायचं, कावळ्याला सापडायचं, अंडी चोरणाऱ्यांनाही सापडायचं. पक्षी घाबरून लांब राहिला तेवढा वेळ अंडी गार. फोटो मात्र स्वच्छ यायचा, रचना सुरेख, मधोमध पिलं चोची वासून बसलेली. त्या सुरेख रचनेसाठी काय कापलं, काय बांधलं हे चौकटीत दिसत नाही.

तरीही या माणसांना सरसकट दोषी ठरवणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण एमा टर्नर. जन्म १८६७. साधारण १९०० साली तिची रिचर्ड कीअर्टनशी भेट झाली आणि तिने कॅमेरा हातात घेतला. नॉरफकमध्ये 'ब्रॉड्स' नावाची उथळ तळ्यांची आणि बोरूच्या बेटांची दलदल आहे. तिथे हिकलिंगच्या तळ्यावर ही बाई उन्हाळ्यामागून उन्हाळे हाउसबोटीत राहून काम करायची. लिनियन सोसायटीने स्त्रियांना पहिल्यांदा सभासद करून घेतलं त्या १९०४ च्या पहिल्या तुकडीतही ती होती.

बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला, बोरूच्या रंगाचा, बोरूतच विरघळून जाणारा पक्षी. शिकारी आणि दलदलीचा निचरा यांनी तो ब्रिटनमधून घरटी करणारा पक्षी म्हणून गेल्यातच जमा होता. नॉरफकमध्ये तर १८८६ नंतर त्याच्या विणीचा पुरावाच नव्हता. जुलै १९११ मध्ये टर्नर आणि तिथला पाणथळीचा राखणदार जिम व्हिन्सेंट यांना हिकलिंगच्या बोरूत बिटर्नचं पिल्लू सापडलं आणि टर्नरने त्याचा फोटो काढला. पक्षी परत आला, इथे वाढतोय, हा पक्का पुरावा.

याचं मोल कळायला त्या काळची रीत आठवायला हवी. दुर्मिळ पक्षी दिसला की पुरावा म्हणून तो बंदुकीने पाडायचा, पेंढा भरून कपाटात ठेवायचा. नाहीतर त्याची अंडी उचलायची. सभ्य, सुशिक्षित माणसंच हे करत. टर्नरच्या हातातली काचेची प्लेट त्या बंदुकीच्या जागी आली. पिल्लू जिवंत राहिलं आणि पुरावाही मिळाला. म्हणून त्या पिढीच्या घरट्याजवळच्या फोटोंकडे पाहताना मला नेहमी वाटतं, की त्यांच्यापुढे 'जवळ जायचं की दूर राहायचं' एवढाच पर्याय नव्हता. 'कॅमेरा की बंदूक' हाही होता.

त्यानंतरचं मोठं नाव एरिक हॉस्किंगचं. जन्म १९०९. निव्वळ पक्ष्यांचे फोटो काढून पोट भरणारा ब्रिटनमधला अगदी सुरुवातीचा माणूस. मे १९३७ मध्ये तो वेल्समध्ये, रायडर गावाजवळच्या डोल्डोलॉड इथे, टॉनी आउल या घुबडाच्या घरट्याशी लपण बांधून होता. रात्री अंधारात लपणात चढत असताना मादीने चेहऱ्यावर झडप घातली. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही, त्यामुळे काही कळायच्या आत नखी डाव्या डोळ्यात रुतली. तेव्हा पेनिसिलिन मिळत नव्हतं. जखम चिघळली, आणि दुसऱ्या डोळ्यावर संकट येऊ नये म्हणून डावा डोळा काढावा लागला. वय वर्षं सत्तावीस, आणि धंदा डोळ्यांचा!

त्याने धंदा सोडला नाही, घुबडंही सोडली नाहीत. १९७० साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'ॲन आय फॉर अ बर्ड'. पाखरं टिपणारी नजर, आणि पाखरापायी गेलेला डोळा, दोन्ही त्यात आले.

पण माझ्या दृष्टीने हॉस्किंगचं खरं काम दुसऱ्या महायुद्धानंतरचं. तोवर उडता पक्षी, तोही रात्री, स्वच्छ टिपणं जवळजवळ अशक्य होतं. फ्लॅशचा बल्ब इतका वेळ पेटलेला राही की पंख पुसट व्हायचे. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला होता. साठवलेली वीज क्षणात सोडायची, प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. युद्धानंतर फिलिप हेन्री या शास्त्रज्ञाने हॉस्किंगला असं यंत्र बनवून दिलं. त्यातून १९४८ साली आला तो त्याचा प्रसिद्ध फोटो: चोचीत रानउंदीर, दोन्ही पंख सारखे उघडलेले, समोरून येणारं गव्हाणी घुबड. एखाद्या राजघराण्याच्या मुद्रेवर शोभावं असं. पीस न् पीस मोजून घ्यावं आणि मागे नुसता काळोख.

हा फोटो पाहताना लोक म्हणतात, काय फ्लॅश! मला वाटतं, काय अंदाज! फ्लॅशने पंख थांबवले, खरं आहे. पण पक्षी कुठल्या वाटेने येणार, चौकटीत कुठे असताना पंख उघडलेले असणार, हे यंत्राला माहीत नव्हतं. ते रात्रीमागून रात्री पाहिलेल्या माणसाला माहीत होतं. फोकस तर आधीच जुळवून ठेवलेला, चेरी कीअर्टनसारखाच.

यानंतर दोन गोष्टी शेजारी शेजारी घडत गेल्या. एकीकडे कायदा. १९५४ च्या कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलणं बंद झालं. १९६७ मध्ये दुर्मिळ पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणं हाही गुन्हा ठरला. १९८१ च्या कायद्याने हे सगळं एकत्र बांधलं. आज त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्याचा घरट्यापाशी फोटो काढून त्याला व्यत्यय येणार असेल, तर आधी परवाना घ्यावा लागतो. हॉस्किंगचं गव्हाणी घुबड त्या यादीत आहे, आणि आपल्याकडे नदी-ओढ्यावर सहज दिसणारा निळा छोटा खंड्याही!

दुसरीकडे भिंगं लांब होत गेली. मोठे प्लेट-कॅमेरे जाऊन ३५ मिलिमीटरचे आले, १९८५ साली मिनोल्टाने बॉडीतच ऑटोफोकस बसवलेला कॅमेरा बाजारात आणला, १९९९-२००० च्या सुमाराला डिजिटल आले, आणि २०२० पासून तर पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्याला चिकटून राहणारे कॅमेरे मिळतात. अर्जुनाची विद्या आता चिपमध्ये भरून येते. त्यामुळे फोटोग्राफरला घरट्याची गरज उरली नाही. पन्नास पावलांवरून, पक्षी आपल्या कामात असताना, त्याला पत्ता न लागू देता फोटो निघतो.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण पुन्हा त्या रायडरलाच सापडतं. गावालगत गिग्रिन फार्म नावाचं शेत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे रोज दुपारी लाल घारींना मांस टाकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या ब्रिटनमध्ये या घारींच्या मोजक्याच जोड्या मध्य वेल्सच्या डोंगरात उरल्या होत्या. आता तिथे आकाश भरून जातं. कडेला लाकडी लपणं बांधलेली आहेत. मी गेलो त्या दिवशी प्रत्येक खिडकीतून एकेक तोफ बाहेर आलेली होती. नाशिकला फोनवर हे सांगितलं तर आईचा विश्वासच बसेना. "घार बघायला पैसे देऊन गेलास? अरे, मासळीबाजारात ये, फुकट दाखवते!"

तिथे बसून एक गोष्ट मात्र नीट शिकलो. मांस टाकल्यावर घारी उतरत नाहीत, झेपावतात, पायात तुकडा पकडतात आणि वर जाताना उडता उडताच खातात. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे कॅमेरे मशीनगनसारखे वाजतात. शेजारी बसलेले एक आजोबा मात्र नुसते बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, वारा कुठून येतोय? पक्षी वेग मारायला वाऱ्यावर तोंड करतो. वारा पाठीमागून येत असेल तर घार आपल्याकडे तोंड करून झेपावते, समोरून असेल तर पाठ दाखवते. ऊन आपल्या पाठीशी हवं, वाराही पाठीशी हवा. मग एकच घार निवडायची, ती ज्या दिशेला चाललीय तिकडे चौकटीत मोकळी जागा सोडायची, आणि मागे डोंगराची सावली येईपर्यंत थांबायचं. आकाशावर घारीचा नुसता काळा ठसा उमटतो, गडद डोंगरावर तिचा तांबूस रंग खुलतो. हे सगळं कॅमेरा सांगत नाही. तो डोळा शोधून देतो, पण कुठल्या क्षणी, कशासमोर, हे अजून आपल्यालाच ठरवावं लागतं.

रचनेचे म्हणून जे नियम पुस्तकात असतात, ते बहुतेक सगळे असेच पक्ष्याशी निगडित आहेत. पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवर या, म्हणजे चिखलात पालथे पडा, कारण वरून काढलेल्या फोटोत पक्षी वस्तू दिसतो आणि त्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत तो कुणीतरी दिसतो. पक्षी आणि मागची झाडी यात अंतर असू द्या, म्हणजे झाडी विरून जाते आणि पक्षी सुटा होतो. आणि चौकट फार भरू नका. अर्जुनाला झाड दिसलं नाही हे धनुर्विद्येत ठीक, फोटोत झाड दिसायलाच हवं, कारण पक्षी तिथे राहतो.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? भारतात येतो तेव्हा भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला जातो. दर खेपेला लांब भिंगं वाढलेली दिसतात आणि मनापासून बरं वाटतं. माझ्या लहानपणी पक्षी बघणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा असा समज होता. पण फ्लेमिंगोंचा थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून नाव थेट थव्यात घालायला सांगणारेही पाहिलेत. उन्हाळ्यात घरट्याचे जवळून काढलेले फोटो फिरत येतात, फांद्या बाजूला केलेल्या स्पष्ट दिसतात. कीअर्टनना दुसरा इलाज नव्हता. आपल्या हातात आहे.

आणि कायद्याचं म्हणाल तर आपला कायदा या बाबतीत इंग्रजांच्या मागे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून पाहा. रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना व्यत्यय आणणं हे त्या व्याख्येतच येतं. बंदूक लागत नाही.

टर्नरबाईंनी कॅमेरा उचलला तो बंदुकीऐवजी. एवढं लक्षात ठेवलं की किती जवळ जायचं याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं: पक्षी मान वर करून आपल्याकडे पाहायला लागला की थांबायचं, आणि दोन पावलं मागे यायचं.